ताईच्या वरणाचं गाणं

लातुरात शिल्पाताईच्या मेसवर नवीन पोरगं जेवायला आलं की ते भाजीकडं बघत नाही, पोळीकडं बघत नाही. आधी वरणाच्या वाटीत वाकून बघतं. मग शेजारच्याकडं बघतं. मग दोघंही खाली मान घालून हसत सुटतात.

शिल्पाला हे आता पाठ झालं होतं. वाढता वाढता ती म्हणायची, "दिसलं का तोंड? दिसलं असंल तर जेवा. क्लासला उशीर व्हायलाय."

हे सगळं तिच्या धाकट्या भावामुळं झालं होतं.

सत्यम ढगे उमरी तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. गावच्या भजनात पेटीवर बोटं फिरवत शिकला, पुढं नांदेडला कॉलेजात गेल्यावर गिटार शिकला, तीही मोबाइलवर बघून. तिथंच त्याला वकार भेटला. वकारच्या अब्बांचं, जहांगीरभाईंचं, नांदेडात शिलाईचं दुकान. मुलानं मशीनवर बसावं अशी त्यांची इच्छा, आणि मुलगा लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवत हिंडायचा. सत्यमनं त्याला एका वरातीत ऐकलं, वरात संपेपर्यंत त्याच्या मागं मागं चालला, आणि शेवटी म्हणाला, "भावा, तू लोकांची गाणी वाजवून राहिलास. माझी वाजवतो का?"

तेव्हापासून ही जोडी जमली. सत्यम लिहायचा, चाल लावायचा, गायचा. वकार बेंजो वाजवायचा आणि मोबाइल एका विटेला टेकवून व्हिडिओ काढायचा. गाण्यांचे विषय म्हणाल तर एकेक भारी होते. एसटीत खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकणारा माणूस. लग्नपत्रिका खाल्लेली शेळी. मिस्ड कॉल देऊन स्वतः कधीच फोन न उचलणारी पोरगी. भाषा घरची, हाय-न्हाईची. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे तर आपल्याच ओट्यावरचं बोलणं, कुणीतरी नुसती चाल लावून दिली. आणि अशी दहा हसवणारी गाणी झाली की मध्येच एखादं असं यायचं की माणूस चहाचा कप हातात धरून बसून राहायचा.

वरणाचं गाणं पहिल्या जातीतलं.

झालं असं, की लातूरच्या एका कॉलेजनं सत्यमला गॅदरिंगला बोलावलं. मुक्काम अर्थातच बहिणीकडं. त्या दिवशी मेसवर अचानक जास्तीची पोरं आली. शिल्पानं पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी तांब्याभर ओतलं, आणि तोंडावर काही न दाखवता वाढायला सुरुवात केली. सत्यम पंगतीत बसला होता. त्यानं वाटीत बघितलं आणि गुणगुणायला लागला. दुसऱ्या दिवशी स्टेजवरून अख्ख्या कॉलेजनं ऐकलं:

ताईच्या मेसला वरण लई गोड,
डाळीची अन् पाण्याची जमली न्हाई जोड!
डाळ गेली गावाला, पाणी बसलं घरी,
हिंगाची फोडणी म्हणती, मीच हाय बरी!

वाटीत वाकून पाहिलं, दिसलं माझंच थोबाड,
भात म्हणला, बुडालो रे, वरती मला काढ!

त्या आठवड्यातच लातूरच्या सगळ्या होस्टेलांत ताटं बडवून हे गाणं म्हटलं जाऊ लागलं. शिल्पाचा पारा चढला. महिनाभर ती सत्यमशी बोलली नाही. त्यानं वकारला मध्यस्थ म्हणून लातूरला पाठवलं. वकारनं बिचाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं दोन वाट्या वरण पिऊन दाखवलं, आणि जाता जाता विचारलं, "ताई, पाणी कोणत्या बोरचं हाय? लई गोड हाय."

पुढं भाऊबीज आली. सत्यम पाटावर बसला. शिल्पानं ओवाळलं आणि ताटातली पाण्यानं भरलेली वाटी त्याच्यापुढं धरली. "घे. तुझ्या आवडीचं वरण." सत्यमनं ती वाटी भुरका मारत प्यायली, वर म्हणाला, "आज मीठ बरोबर पडलंय." दोघं इतके हसले की निरांजन विझायला आलं. भांडण तिथंच मिटलं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सत्यमला डेंग्यू झाला. ताप आला, उतरला, सगळ्यांना वाटलं बरा झाला. पण आठवडा उलटायच्या आत तो गेला. वय सत्तावीस.

माणूस गेला तरी गाणं काही थांबलं नाही. शिल्पानं वरण घट्ट करायला सुरुवात केली. इतकं घट्ट, की पळी उभी राहावी. तिचा नवरा बालाजी, जो शाळेची व्हॅन चालवायचा आणि किराणा आणायचा, एकदा म्हणाला, "अगं, हे वरण हाय का पिठलं?" पोरं कुरकुरायची, "ताई, गाण्यातलं वरण कुठाय?" समोरच्या होस्टेलातून ताटांचा ठेका ऐकू आला की पहिले काही महिने ती मागच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची. नंतर नंतर मोरीत जाणं थांबलं. फक्त हातातला झारा थांबायचा. कडवं संपलं की पुन्हा चालू व्हायचा.

दोन वर्षं अशी गेली आणि एके सकाळी नांदेडहून अण्णाराव सरांचा फोन आला.

अण्णाराव सर उमरीच्या शाळेत सत्यमला मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन आता नांदेडला राहत होते. त्यांनी चार लोक जमवून सत्यमच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला होता. रविवारी सकाळी, सभागृहात.

"शिल्पा, त्याच्यातला खरा कवी लोकांना कळलाच नाही," सर म्हणाले. "आपण त्याची गंभीर गाणी निवडलीत. तारामतीबाई गाणार आहेत, शास्त्रीय शिकलेल्या. तुम्ही सगळे या. आईंनाही घेऊन या."

"येतो की सर. अन् वरणाचं?"

"ते नको, बाळ. त्या दिवशी ते बरं दिसणार नाही."

"बरं सर," शिल्पा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. सगळ्यांसमोर ते ऐकावं लागणार नव्हतं. पण दुपारी कणीक मळता मळता तिच्या लक्षात आलं की आपण कणकेला नुसते बुक्के मारतोय. तिनं हात धुतले आणि वकारला फोन लावला.

"वकार, सर म्हणतात वरणाचं गाणं म्हणायचं न्हाई."

"मला बी सांगितलं," वकार म्हणाला. जहांगीरभाईंच्या दुकानात आता तो शिलाई मशीनवर बसत होता. मागून मशीनची घरघर येत होती. "बेंजो बी नको म्हणले. तबला-पेटी हाय म्हणले. मी म्हणलं, ठीक हाय सर, मी टाळ्या वाजवतो."

"तुला राग न्हाई आला?"

"कामून येईल? तो गेल्यापासून मी बेंजोला हात लावला न्हाई, ताई. सरांनी नको म्हणलं, बरंच झालं."

"मला येऊन राहिला."

"तुला?" मशीन थांबलं. "त्या गाण्यावरून तू महिनाभर बोलली न्हवतीस त्याला!"

"ते माझं अन् त्याचं होतं. त्यात सरांचं काय?"

वकार हसला. सत्यम गेल्यापासून त्याचं असं हसणं शिल्पानं ऐकलं नव्हतं.

रविवारी बालाजीनं शाळेची व्हॅन काढली. मेसवरची पोरं-पोरी आधीच येऊन बसली होती. त्यात बिलोलीची बुशरा होती. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला आलेली, अभ्यासात हुशार आणि ताट बडवण्यात त्याहून हुशार. त्यांच्यातल्या एकानंही सत्यमला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. भल्या सकाळी निघाल्यामुळं पोरं वाटेत डुलक्या घेत होती. नांदेडात शिरल्यावर शिल्पानं मागं वळून सांगितलं, "तिथं गंभीर राहायचं बरं. दात काढायचे न्हाईत."

"हाव ताई," सगळे एका सुरात म्हणाले.

माय, म्हणजे सिंधुबाई, गावाकडून आधीच येऊन पहिल्या रांगेत बसली होती. नवं लुगडं, हातात रुमाल. स्टेजवर सत्यमचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. शिल्पा फोटोकडं बघतच राहिली. फोटोत सत्यम फार गंभीर, विचारात बुडालेला दिसत होता. तिनं मायच्या कानाशी वाकून विचारलं, "हा कोणता फोटो?"

"दाढ दुखत होती त्या दिवशीचा," माय म्हणाली. "सर म्हणले, न हसलेला फोटो द्या. दुसरा कुठून आणू?"

वकार कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. इस्त्रीचा शर्ट, आणि खुर्चीखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. शिल्पानं भुवया उंचावल्या. वकारनं दुसरीकडं बघितलं.

दिवा लागला, भाषण झालं. मग तारामतीबाईंनी पेटीवर सूर धरला.

गोदामाय, तुझ्या काठी लिहून ठेवलं नाव,
लाट आली, घेऊन गेली, आता तूच माझं गाव.

त्या इतक्या सुंदर गायल्या की वरचे पंखेसुद्धा हळू झाल्यासारखे वाटले. शिल्पानं हे गाणं सत्यमच्या तोंडून ऐकलं होतं, पण गिटारवर, घाईघाईत, पुढच्या हसवणाऱ्या गाण्याच्या आधी चटकन उरकल्यासारखं. त्यात एवढं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं पदर डोळ्यांना लावला. स्टेजच्या कडेला अण्णाराव सर चष्मा काढून पुसत होते. सरांचं चुकलं नव्हतं. हाही सत्यमच होता.

पण दुसरं गाणं तसंच झालं, तिसरंही तसंच. मध्ये मध्ये वक्ते उठायचे आणि उमलण्याआधीच खुडलेली कळी, विझलेली ज्योत, असं काय काय बोलायचे. मागच्या रांगेत पोरं गंभीर राहून राहून पेंगायला लागली. बालाजी तर उघडउघड झोपला. शेवटी सरांनी सिंधुबाईला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मायनं जन्मात माइक धरला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी, उखळातल्या मुसळासारखा धरला.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी समदे माझ्या लेकरासाठी आलात, लई चांगलं केलं. बाईंचा गळा तर मधावानी हाय. पण मी सकाळधरनं बसून राहिले, एकदा बी हसू आलं न्हाई. तो असताना असं कधी झालं न्हवतं." ती जरा थांबली. "ते वरणाचं म्हणा की कुणी."

मागच्या रांगा खडबडून जाग्या झाल्या. अण्णाराव सर लगबगीनं पुढं आले. माइकपासून लांब होऊन हळू बोलले, तरी पहिल्या रांगेत ऐकू आलं.

"माय, मी मुद्दामच ठेवलं नव्हतं. तुमच्यासमोर लोक हसले असते. तुम्हाला काय वाटलं असतं?"

सिंधुबाईनं सरांकडं बघितलं. तिला त्यांची माया कळली असावी, कारण तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "सर, रडायला मला घरी कोण अडवतंय? एकटीला येतंय ते. हसायला माणसं लागतात."

सरांनी वळून वकारकडं बघितलं आणि मान डोलावली.

वकारनं खुर्चीखालचं कापड सोडलं. "सहज आणला होता, सर," तो ओशाळून म्हणाला. बेंजोच्या तारा दोन वर्षांत पार उतरल्या होत्या. तो पिळत बसला. बेंजोतून असले विचित्र आवाज निघायला लागले की पेटीवरच्या तारामतीबाईंनाच पहिल्यांदा हसू फुटलं. त्यांनी सूर धरून दिला, वकारनं त्यावर तारा लावल्या.

"म्हणणार कोण?" सरांनी विचारलं.

बुशरा अर्धी उठलीच होती. पण माय माइकवरून म्हणाली, "शिल्पे, तू म्हण."

"मी? माझ्याच वरणाला?"

"मंग काय माझ्या?"

शिल्पानं स्टेजवर चढून मायच्या हातातला माइक घेतला. आवाज भरडा, सवय नाही, त्यात पट्टी भलतीच वरची धरली. 'ताईच्या मेसला' इथपर्यंत ठीक गेलं, 'लई गोड'वर आवाज फाटला. पण तोवर मागून बुशरा आणि मंडळींनी उचललं होतं. ताटं नव्हती म्हणून त्यांनी खुर्च्या बडवल्या. मग नांदेडच्या लोकांनीही उचललं. 'डाळ गेली गावाला' आलं तेव्हा अख्खं सभागृह म्हणत होतं, आणि बालाजी दचकून जागा होऊन, काय चाललंय ते न कळता, टाळ्या वाजवत होता.

भात बुडाला. गाणं संपलं. पण वकार थांबला नाही. तो तोच ठेका पुन्हा पुन्हा घोळवत राहिला आणि शिल्पाकडं बघत राहिला. शिल्पाला आधी कळेना. मग आठवलं. सत्यमला गाता गाता नवं कडवं सुचायला लागलं की वकार असाच घोळवत राहायचा. त्याची बोटं आपोआप तिकडं गेली होती. आणि आता थांबावं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

शिल्पानं माइक घट्ट धरला. तिनं आयुष्यात कधी दोन ओळी जुळवल्या नव्हत्या. पण मनात साचलेलं बरंच होतं.

"बशीत बोटं घालून गेलास, वाटी चाटून साफ," तिनं म्हटलं, चालीत कसंबसं बसवत, "वर केलंस गाणं माझं, कसं करू माफ?"

हशाचा असा काही लोट आला की तिला थांबावं लागलं. लोक ओरडत होते, "वा ताई! द्या उत्तर!" तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आता ती लोकांकडं बघत नव्हती.

घट्ट वरण केलंय आज, ये की रं जेवाया,
नावं ठेवाया तरी ये, नवं गाणं गावाया.

कुणीही टाळी वाजवली नाही. बेंजो तेवढा वाजत होता. वकारची मान खाली होती, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओले ठिपके पडत होते. तेवढ्यात अजून स्टेजवरच उभी असलेली माय मोठ्यानं म्हणाली, "यमक जुळलं की गं!"

आणि सभागृह पुन्हा हसायला लागलं. रडतही होतं, पण हसत जास्त होतं. शिल्पा मायच्या गळ्यात पडली. सर स्टेजच्या पायरीवरच बसले होते, आणि 'डाळ गेली गावाला' हे शब्द स्वतःशीच पुटपुटत मांडीवर ताल धरून बघत होते.

कार्यक्रमानंतर सगळे बाहेर झाडाखाली चहा पीत उभे होते. वकारला पोरांनी घेरलं होतं. प्रत्येकाला बेंजोची पट्टी दाबून बघायची होती. माय आणि शिल्पा कट्ट्यावर बसल्या.

"गाण्यातली दुसरी ओळ तुझीच हाय, माहीत हाय का तुला?" माय एकदम म्हणाली.

"कोणती?"

"डाळीची अन् पाण्याची जोड. तू लहान होतीस. पाव्हणे आले होते, मी वरणात पाणी ओतलं. तू ताटावर बसून म्हणलीस, 'मायच्या वरणात डाळीची अन् पाण्याची जोड न्हाई.' तुझ्या बापानं तुला दटावलं. सत्यम एवढासा होता. लई दिवस तेच बडबडत फिरला घरभर."

शिल्पानं आठवून बघितलं. तिला काहीच आठवेना. ना पाहुणे, ना ताट. "माय, खरं सांगून राहिलीस का माझी समजूत काढतीस?"

"तुला काय करायचंय? देऊन राहिले तर घे की." मायनं बशीतला चहा फुंकला आणि प्यायला सुरुवात केली. पुढं कितीही विचारलं तरी ती त्यावर बोलली नाही.

बुशरानं शिल्पाच्या कडव्याचा व्हिडिओ काढला होता. लातूरला पोचेपर्यंत तो सगळीकडं गेला होता. आणि मग एक वेगळाच प्रकार सुरू झाला. लोक आपापली कडवी करायला लागले. उमरीत एका लग्नात वधूपक्षानं वरपक्षाच्या कढीवर केलं. उदगीरच्या एका पोरानं निम्मं कन्नडमध्ये केलं. ते शिल्पाला कळलं नाही, पण मेसवरच्या कन्नड समजणाऱ्या निलंग्याच्या पोरी गडाबडा लोळल्या. मुरुडहून तिच्या सासरच्या एका दिरानं असलं चावट कडवं पाठवलं की शिल्पानं फोन करून त्याला झापलं, आणि फोन ठेवल्यावर पदर तोंडात कोंबून हसत बसली.

वकार दर महिन्यात एक रविवार लातूरला येऊ लागला. दुपारची जेवणं उरकली की तो बेंजो घेऊन मेसच्या ओट्यावर बसायचा. अब्बा कुरकुरतात म्हणायचा, पण स्वतः जहांगीरभाईंनीच बेंजोला रेशमी अस्तराची नवी पिशवी शिवून दिली होती. आलेली कडवी तो वाजवून बघायचा. कोणतं ठेवायचं आणि कोणतं नाही, हे शिल्पा ठरवायची. ती फार कडक होती. नुसतं यमक जुळलं की ती मान हलवायची. "हे सत्यमनं ठेवलं नसतं," म्हणायची, आणि वकारही म्हणायचा, "हाव, न्हाई ठेवलं असतं."

एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना अण्णाराव सरांचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं बोलले. तारामतीबाई येणार होत्या, वकारचा बेंजो असणार होता, गोदामायही असणार होती आणि वरणही. मग सर घुटमळले.

"शिल्पा, मीसुद्धा एक कडवं केलंय. मात्रा मोजून. ऐकतेस का?"

"म्हणा की सर."

सरांनी म्हटलं. सावकाश, स्वच्छ उच्चारात, एकही मात्रा न चुकवता. शिल्पानं लाटणं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं?"

"सर, बसलंय बरोबर," ती म्हणाली. मग जरा चाचरत पुढं म्हणाली, "पण हसू येऊन न्हाई राहिलं."

पलीकडून सर म्हणाले, "अस्सं. मग पुन्हा करतो. उद्या फोन करू?"

"उद्या कशाला? संध्याकाळी करा की," शिल्पा म्हणाली, आणि तव्यावरची पोळी उलटली.